रिव्ह्यूचं काम घेऊन ग्रंथपालांकडे जाताना: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारी

डिझर्टेशनचा विषय मंजूर होतो, गाइड म्हणतात "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कर", आणि वर "एकदा लायब्ररीत भेटून ये" अशी पुस्ती जोडतात. बरेच जण दुसऱ्याच दिवशी वही-पेन घेऊन ग्रंथपालांसमोर जाऊन बसतात. समोरून विचारलं जातं, "तुमचा प्रश्न नेमका काय आहे?" आणि भेटीचा निम्मा वेळ त्याचं उत्तर जुळवण्यातच संपतो. मग घाईघाईत दोन डेटाबेसची नावं लिहून घ्यायची आणि निघायचं.

हे टाळायचं असेल तर तोंडी छान वाटणारी कल्पना घेऊन जाऊ नका, कागदावर उतरवलेला कच्चा प्रयत्न घेऊन जा. तो कच्चा असला तरी चालेल, चुकलेला असला तरी चालेल. लिहिलेली चूक ग्रंथपालांना पाच मिनिटांत दिसते, मनातली दिसत नाही. पुढे जे सांगतोय ते सगळं हा कच्चा कागद कसा तयार करायचा याबद्दल आहे.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, फूड्स अँड न्यूट्रिशनच्या एका विद्यार्थिनीला शाळकरी मुलींना दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांवर काम करायचं आहे. विषय इथल्या मातीतला आहे. हा साप्ताहिक कार्यक्रम देशभर २०१२-१३च्या सुमारास आला, पण गुजरातेत, आपल्या वडोदरा जिल्ह्यात, त्याचं काम त्याच्या बरंच आधी झालं होतं. त्यावरचा एक लेख २००९ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आलेला आहे. हा लेख लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी ठरवा: कुठल्या जातीचा रिव्ह्यू?

थिसिसमधला "रिव्ह्यू ऑफ लिटरेचर" हा एक प्रकार, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून तपासणं, हा दुसरा आणि स्कोपिंग रिव्ह्यू तिसरा. तिघांचं काम वेगळं, मेहनत वेगळी. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला नेमका, बांधीव प्रश्न लागतो. काम सुरू करण्याआधी लिहिलेला प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, लागतो. लेख चाळायला एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करणारी दोन माणसं लागतात, आणि निवडलेल्या प्रत्येक अभ्यासाचा दर्जा तपासावा लागतो. स्कोपिंग रिव्ह्यू एखाद्या विषयात कुठे किती आणि कसं काम झालंय ते मांडतो. त्यात दर्जाची तपासणी सहसा सक्तीची नसते, पण शोध तितकाच पद्धतशीर लागतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. एका सेमिस्टरमध्ये, एकट्याने, परीक्षा सांभाळून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू होत नाही. किती लेख सापडले, किती गाळले हे दाखवणारी प्रिझ्माची आकृती चिकटवली म्हणून रिव्ह्यू सिस्टिमॅटिक होत नाही. प्रिझ्मा २०२० ही २७ मुद्द्यांची यादी आहे आणि काय केलं ते कसं कळवायचं हे ती सांगते. काम कसं करायचं हे ती शिकवत नाही. म्हणून भेटीआधी गाइडशी दहा मिनिटं बोलून घ्या: दुसरं माणूस कोण, मुदत किती, आणि शीर्षकात "सिस्टिमॅटिक" शब्द हवाच का? स्कोपिंग रिव्ह्यूसाठी २०१८ साली आलेली प्रिझ्माची वेगळी यादी आहे, तीही गाइडना दाखवा. हा निर्णय ग्रंथपालांवर ढकलू नका. दोघं वेगवेगळं बोलले की मधल्या मधे तुमची पंचाईत होते.

कुणी आधीच केलंय का ते बघा

हे काम घरी बसून होतं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत डेटाबेसवर विषयाचे दोन-तीन शब्द टाकून डावीकडच्या फिल्टरमधून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू निवडा. कोक्रेन लायब्ररी, म्हणजे आरोग्यविषयक सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंचा संग्रह, बघा. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाची प्रॉस्पेरो नावाची नोंदवही २०११ पासून चालू आहे. तिच्यात चालू असलेल्या रिव्ह्यूंचे प्रोटोकॉल सापडतात, म्हणजे अजून छापून न आलेलं कामही कळतं.

आपल्या विद्यार्थिनीला इथे लगेच एक गोष्ट सापडेल. पाळी येणाऱ्या मुली आणि स्त्रियांना रोज न देता अधूनमधून लोह दिलं तर अ‍ॅनिमिया किती कमी होतो, यावर कोक्रेनचा रिव्ह्यू आहे, आणि तो २०१९ मध्ये अद्ययावतही झाला आहे. म्हणजे "साप्ताहिक गोळीने हिमोग्लोबिन वाढतं का" हा प्रश्न आता तिचा राहिला नाही. पण गोळी शाळेत वाटली जाते आणि तरी मुली ती नियमित का घेत नाहीत, पोट दुखतं म्हणून, घरचे नको म्हणतात म्हणून, की शिक्षक समोर उभे राहून घ्यायला लावत नाहीत म्हणून, हा प्रश्न मोकळा असू शकतो. ग्रंथपालांसमोर हे एवढं सांगता आलं, तर भेट फार वरच्या पायरीवरून सुरू होते.

प्रॉस्पेरो स्कोपिंग रिव्ह्यू नोंदवून घेत नाही. स्कोपिंग करणार असाल तर प्रोटोकॉल ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर टाकता येतो. कुठेही टाका, पण लेख चाळायला घेण्याआधी टाका.

प्रश्न एका ओळीत, आणि त्याखाली आत-बाहेरचा तक्ता

"किशोरवयीन मुली आणि अ‍ॅनिमिया" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा लिहा: "भारतातल्या शाळांमधून साप्ताहिक लोह-फॉलिक गोळ्या मिळणाऱ्या १० ते १९ वयाच्या मुली त्या नियमित घेण्यामागची किंवा न घेण्यामागची कोणती कारणं अभ्यासांमधून दिसतात?" उपचाराचा परिणाम विचारायचा असेल तर पिको नावाची चौकट वापरतात: कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणता परिणाम. स्कोपिंगसाठी लोकसमूह, संकल्पना आणि संदर्भ एवढे तीन कप्पे पुरतात. आपल्या उदाहरणात शाळकरी मुली, गोळी नियमित घेणं, आणि भारतातली शाळा.

त्याखाली दोन रकाने काढा. आत काय घेणार, बाहेर काय ठेवणार. वय, देश, अभ्यासाचा प्रकार, भाषा, वर्षं. प्रत्येक अटीपुढे अर्ध्या ओळीत कारण लिहा, कारण चर्चा तिथेच रंगते. समजा, "कार्यक्रम २०१२ नंतर आला म्हणून २०१२ पासूनचेच लेख" अशी अट घातली. दिसायला तर्कशुद्ध आहे. पण मग वडोदरा जिल्ह्यावरचा तो २००९चा लेख तुम्हीच दारातून परत पाठवलात. "शेवटची दहा वर्षं" ही तर सगळ्यात आळशी अट. परीक्षक हमखास विचारतात, दहाच का? उत्तर नसेल तर वर्षांची अट काढूनच टाका.

ओळखीचे चार-सहा लेख

हे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि मला विचाराल तर पूर्वतयारीतलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. तुमच्या रिव्ह्यूत नक्की बसतील असे चार ते सहा लेख आधी हाताशी ठेवा. गाइडकडून घ्या, एखाद्या ताज्या लेखाच्या संदर्भसूचीतून घ्या, विभागातल्या जुन्या थिसिसमधून घ्या. प्रत्येकाचं शीर्षक, वर्ष, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) आणि पबमेडचा नोंदक्रमांक लिहा. मग पबमेडवर त्या लेखाच्या पानावर खाली जाऊन मेशचे कोणते शब्द लावलेत ते उतरवून घ्या. मेश म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ठरवलेली विषयशब्दांची यादी.

याचा उपयोग दुहेरी आहे. एक तर शब्द फुकट मिळतात. दुसरं म्हणजे तुमचा शोध बरोबर आहे की नाही ते तपासायला माप मिळतं. पबमेडच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर आधी तुमचा शोध चालवा. तो इतिहासात पहिल्या क्रमांकावर दिसेल. मग ओळखीच्या लेखांचे नोंदक्रमांक "ऑर"ने जोडून दुसरा शोध चालवा. आता दुसऱ्यातून पहिला "नॉट" लावून वजा करा. जे उरलं ते तुमच्या जाळ्यातून निसटलेले लेख. काहीच उरलं नाही तर उत्तम. दोन उरले तर ते का निसटले हेच ग्रंथपालांना दाखवा. अशा प्रश्नावर कुठलाही ग्रंथपाल खुर्ची पुढे ओढून बसतो.

शब्दांचा तक्ता

कागद आडवा धरा. प्रश्नातल्या मुख्य कल्पनांना एकेक रकाना द्या आणि प्रत्येकाखाली त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द लिहीत जा. रकान्याच्या आतले शब्द "ऑर"ने जोडायचे, रकाने एकमेकांना "अँड"ने. तत्त्व एवढंच, पण खाचाखोचा भरपूर.

गोळीच्या रकान्यात आयर्न, फॉलिक अ‍ॅसिड, आयर्न सप्लिमेंटेशन, आयएफए (आयर्न-फॉलिकचं लघुरूप), विफ्स (या साप्ताहिक कार्यक्रमाचं इंग्रजी लघुरूप) हे सगळं येईल. नियमितपणाच्या रकान्यात अ‍ॅडहिअरन्स, कम्प्लायन्स, कन्झम्प्शन, कव्हरेज, अ‍ॅक्सेप्टेबिलिटी. इथे एक गंमत आहे. "मेडिकेशन अ‍ॅडहिअरन्स" हा शब्द मेशमध्ये २००९ साली आला. त्याआधीचे लेख "पेशंट कम्प्लायन्स"खाली सापडतात. नवा शब्द तेवढा घेतला तर जुनं काम गेलं. अ‍ॅनिमियाची ब्रिटिश आणि अमेरिकन वर्तनी वेगळी, म्हणून दोन्ही लिहा. आपल्या गावाचंही तेच. जुन्या लेखांत, संस्थांच्या नावांत बरोडा असतं, नव्यात वडोदरा. गावाच्या नावाने शोधणार असाल तर दोन्ही हवीत.

मेशचे शब्द एकटे पुरत नाहीत, हे आपल्याकडच्या विषयांना विशेष लागू आहे. पबमेडवर दिसणारं सगळं मेडलाइनमध्ये, म्हणजे मेशचे शब्द लावलेल्या त्याच्या मुख्य संग्रहात, नसतं. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहातून आलेल्या कितीतरी नोंदींना मेश लागतच नाही, आणि सामुदायिक वैद्यकशास्त्रातली बरीच भारतीय नियतकालिकं याच गटात मोडतात. म्हणून प्रत्येक रकान्यात मेशचे शब्दही हवेत आणि शीर्षक-सारांशात शोधायचे साधे शब्दही.

शब्दाच्या शेवटी चांदणी (*) लावून त्याची सगळी रूपं पकडता येतात. पण चांदणी लावली की पबमेड त्या शब्दाला आपणहून समानार्थी जोडणं थांबवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमच्या शोधाचं पबमेडने आत नेमकं काय केलं ते अ‍ॅडव्हान्स्ड पानावरच्या तपशिलात दिसतं. एकदा उघडून वाचा. डोळे उघडतात.

आणि रकाने वाढवत नेऊ नका. मुली, गोळी, नियमितपणा, शाळा, भारत, अ‍ॅनिमिया असे सहा रकाने "अँड"ने जोडले तर हाती मूठभर लेख येतील आणि निम्मे कामाचे बाहेर राहतील. प्रत्येक लेखाच्या सारांशात "शाळा" हा शब्द असेलच असं नाही. कुठले रकाने शोधात घ्यायचे आणि कुठल्या अटी नंतर वाचताना लावायच्या, हा प्रश्न मात्र राखून ठेवा. तो भेटीत विचारायचा.

एक वेडावाकडा शोध चालवून बघा

आता हे सगळं पबमेडवर एकदा चालवा. एकेक रकाना वेगळ्या ओळीत चालवा, मग ओळी जोडा. म्हणजे कुठल्या रकान्याने आकडा फुगतो आणि कुठल्याने गळा आवळला जातो ते दिसतं. तारीख, डेटाबेसचं नाव, जसाच्या तसा शोध आणि आलेले निकाल एका एक्सेल शीटमध्ये लिहा. मायएनसीबीआय हे पबमेडचं खातं काढलं तर शोध साठवून ठेवता येतो. पहिल्या पन्नास निकालांची शीर्षकं चाळून कामाची किती, बिनकामाची किती ते अंदाजाने लिहा.

गूगल स्कॉलरवर शोधलं असेल तर सांगा, लपवू नका. पण मुख्य शोध तिथे करू नका. लाखभर निकाल दाखवले तरी ते पहिल्या हजाराच्या पुढे जाऊ देत नाही, आणि तोच शोध उद्या केला तर क्रम बदललेला असतो. जोडीला वापरायला ठीक.

चॅटबॉटकडून समानार्थी शब्द सुचवून घ्यायला हरकत नाही. संदर्भ मात्र घेऊ नका. अस्तित्वात नसलेले लेख तो खऱ्या नियतकालिकांच्या नावावर बिनदिक्कत खपवतो, आणि मग ते शोधण्यात ग्रंथपालांचा अर्धा तास वाया जातो.

कुठे काय उघडतं याची यादी

लेख सापडणं वेगळं आणि त्याची पीडीएफ मिळणं वेगळं. भेटीआधी आपल्या संस्थेतून काय काय उघडतं ते स्वतः बघून ठेवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात असाल तर हंसा मेहता ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सुरुवात करा. वैद्यकीयचे असाल तर तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात. "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्यातून केंद्राच्या आणि राज्यांच्या सरकारी शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात, आणि समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे आहे. खासगी कॉलेजात असाल तर तुमची सोय काय ते वेगळं विचारावं लागेल. स्कोपस, एम्बेस, वेब ऑफ सायन्स या वर्गणीच्या डेटाबेसचं मात्र प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. तिथे अंदाज बांधू नका, नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. घरून लॉगिन कसं करायचं हाही प्रश्न त्याच यादीत घाला.

नियतकालिकांबाहेरचं साहित्य विसरू नका. शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत. सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत २००७ पासूनच्या भारतीय चाचण्यांच्या नोंदी आहेत. आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शिका आहेत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल आहेत. आणि आपल्या विषयात तर विभागातल्या एम.एस्सी.च्या जुन्या डिझर्टेशनमध्ये असा मालमसाला असतो जो कुठेच छापला गेलेला नाही. तो रिव्ह्यूत घ्यायचा की नाही, हेही विचारायच्या यादीत.

ग्रंथपालांकडून काय मागायचं, काय नाही

"मॅडम, या विषयावरचे सगळे पेपर काढून द्या ना." हे वाक्य टाळा. लेख चाळणं, वाचणं, निवडणं तुमचं काम. डेटाबेस निवडणं, शोध घट्ट बसवणं, तो एका डेटाबेसच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेत नेणं, दुबार नोंदी काढणं, सगळ्याची नोंद कशी ठेवायची ते सांगणं, ही त्यांची जाणकारी. लिहून झालेला शोध दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेण्यासाठी प्रेस नावाची मुद्द्यांची यादी असते. "मॅडम, प्रेसच्या यादीवर माझा शोध तपासून द्याल का?" असं विचारलंत तर काम नेमकं कळतं.

शिकवणारा ग्रंथपाल बडोद्याला नवा नाही. सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली इथे आणलं आणि पुढच्याच वर्षी ग्रंथालयाच्या कामाचं शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून निघालेलं "लायब्ररी मिसेलनी" इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत असे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवरून चालताना हे आठवलं तर बरं. तेव्हा टेबलापलीकडच्या व्यक्तीला पुस्तकं देणारा कारकून समजून बोलू नका.

मेल, आणि प्रत्यक्ष भेट

भेटीच्या तीन-चार दिवस आधी मेल करा. लांबण नको. असं काहीसं:

"नमस्कार मॅडम, मी एम.एस्सी. फूड्स अँड न्यूट्रिशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळकरी मुलींच्या साप्ताहिक लोह-फॉलिक गोळ्यांच्या नियमितपणावर स्कोपिंग रिव्ह्यू करते आहे. प्रोटोकॉल महिनाअखेरीला द्यायचा आहे. पबमेडवर एक शोध करून पाहिला, त्यात ओळखीच्या पाचपैकी दोन लेख सुटतात. प्रश्न, शब्दांचा तक्ता आणि शोध सोबत जोडला आहे. डेटाबेस कोणते घ्यावेत आणि शाळा हा रकाना ठेवावा का, हे विचारायचं आहे. पुढच्या आठवड्यात आपल्याला कधी सोयीचं होईल?"

गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहिलंत तरी मजकूर हाच. मुदत लपवू नका. "परवा सबमिशन आहे" हे भेटीत कळलं तर समोरच्याला काहीच करता येत नाही.

भेटीला लॅपटॉप चार्ज करून न्या, संदर्भ साठवणारं झोटेरो किंवा मेंडली आधीच टाकून ठेवा, विद्यापीठाचा पासवर्ड चालतो का ते आदल्या रात्री बघा. रिव्ह्यूत दुसरी व्यक्ती असेल तर तिलाही न्या. की-बोर्ड आपल्याच हातात ठेवा. ग्रंथपालांनी भराभर टाइप करून दाखवलेला शोध घरी पुन्हा जमत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. आणि प्रत्येक निर्णय कारणासकट लिहा. "शाळा रकाना काढला, कारण ओळखीचा एक लेख त्यामुळे सुटत होता." हीच ओळ पुढे मेथडच्या प्रकरणात जाते.

भेटीनंतर

त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी मेलवर पाठवा. शोध सगळ्या डेटाबेसवर शक्यतो एकाच दिवशी चालवा, नोंदी आरआयएस (संदर्भांच्या नोंदी साठवायचा एक प्रकार) फाइलमध्ये उतरवा, प्रत्येक डेटाबेसचा आकडा दुबार नोंदी काढण्याआधी लिहून घ्या. तो आकडा नंतर परत मिळत नाही आणि प्रिझ्माच्या आकृतीत पहिला चौकोन त्याचाच असतो. चाळणीसाठी रय्यान हे ऑनलाइन साधन वापरता येतं. शोध कसा कळवायचा त्यासाठी प्रिझ्माचीच २०२१ची शोधापुरती पुरवणी आहे, १६ मुद्द्यांची.

ग्रंथपालांनी एक-दोन भेटींत मार्गदर्शन केलं तर आभारात नाव घाला, आधी विचारून. त्यांनी सगळा शोध स्वतः बांधला, चालवला आणि मेथडमधला तो भाग लिहिला, तर सहलेखकत्वाचा विषय निघतो. तो लेख नियतकालिकाला पाठवायच्या वेळी काढू नका, गाइडना सोबत घेऊन सुरुवातीलाच बोला.

थिसिस द्यायला सहा महिन्यांहून जास्त वेळ गेला तर तोच शोध पुन्हा चालवावा लागतो. साठवलेला शोध, तारीख आणि शीट जागेवर असेल तर ते एका दुपारचं काम आहे, आणि त्यासाठी ग्रंथपालांची नवी वेळ घ्यायची गरज पडत नाही.